अक्का आणि चोरचटई

पहिल्याच भेटीत अक्कांनी माझी पर्स काढून घेतली, शेजारच्या खोलीतल्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "सरी. आता परत जात्यासमोर उभी राहा."

मी उभी राहिले. क्षणभर काहीच झालं नाही. मग कुठून ते कळू नये अशा बेताने दळणाची घरघर सुरू झाली आणि जात्यावरचा दिवा हळूहळू उजळला. मी बाजूला झाले तशी घरघर मंदावत मंदावत थांबली.

"म्हणजे बटण पर्समध्ये नाही," अक्का म्हणाल्या. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. माझ्या कमीजला खिसा नाही याची खात्री पटल्यावर त्यांनी मुनियम्माला, म्हणजे तिथल्या झाडलोट करणाऱ्या बाईंना, हाक मारली आणि जात्यासमोर उभं केलं. मग स्वतः उभ्या राहिल्या. मग माळ्याला बोलावलं. जातं प्रत्येकासाठी घरघरलं. माळी घाबरून बागेत पळाला, आणि अक्का खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिल्या. यंत्र चालतं एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नव्हतं. ते कोणाच्या सांगण्यावरून चालतं आणि चालता चालता आणखी काय काय करतं, हे त्यांना हवं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून नोकरीसाठी बेंगळुरूला आले होते. महादेवपुऱ्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची छोटीशी कंपनी होती आणि आम्ही चोरघंटा बनवायचो. दाराच्या आत एक पातळ चटई अंथरायची, तिच्यावर पाय पडला की घंटा वाजणार. कारखान्यात सगळे तिला चोरचटई म्हणायचे. व्हाइटफील्डच्या वाटेवर एका जुन्या बंगल्यात एका ट्रस्टचं म्युझियम होतं. जाती, उखळं, दिवे, तांब्याचे बंब, पाळणे, असल्या घरगुती वस्तूंचं. ट्रस्टच्या चेअरमनसाहेबांनी परदेशात कुठेतरी पाहिलं होतं की माणूस वस्तूसमोर थांबला की वस्तू आपली आपण बोलती होते. बटण नाही, पाटी नाही, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तसंच आपल्याकडे हवं, असं त्यांनी घेतलं डोक्यात. आमच्या मालकांनी छातीठोकपणे सांगून टाकलं की हे तर आम्ही रोजच करतो. घंटा काढायची, तिथे आवाज साठवलेली चिप आणि एक दिवा लावायचा. मालकांनी हो म्हणायचं आणि मी निस्तरायचं, अशी आमची कामाची वाटणी होती.

ही चोरचटईची हकिकत मी भाबडेपणाने पहिल्याच दिवशी अक्कांना सांगून बसले.

"अय्यो! म्हणजे माझ्याकडे येणारा माणूस चोर, असं धरून चाललात तुम्ही," अक्का म्हणाल्या.

"तसं नाही हो अक्का. फक्त कोणी उभं आहे का, एवढंच कळतं तिला."

"कळतं ना? मग कळल्यावर ती कोणाला सांगते?"

आता खरं सांगायचं तर सांगत होती. चेअरमनसाहेबांच्या हौसेखातर प्रत्येक चटईला आम्ही एक मोजणारं यंत्र जोडलं होतं. कुठल्या वस्तूसमोर किती माणसं थांबली, ते महिनाअखेरीला कळायचं. मी तेही सांगितलं. अक्कांनी चटईची कड उचलून खाली बघितलं. मग म्हणाल्या, "आवाज ऐकवतं ते ठीक. मोजतं कशाला? आज मोजतील, उद्या काढतील." मी हसले. मला तेव्हा त्यात काढण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

अक्का त्या म्युझियमच्या सर्वेसर्वा. कधीकाळी मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या, एवढं मला ऐकून माहीत. घर कुठलं, माणसं कोण, हे मी एकदा विचारलं तेव्हा "तुला कशाला पाहिजे?" असं उत्तर मिळालं, म्हणून ते मला अजूनही माहीत नाही. त्यांचं घराणं बेंगळुरूत इतकं जुनं की त्यांच्या मराठीत कन्नडचे स्वल्प आणि सरी, म्हणजे थोडं आणि बरं, आमच्या भाजीतल्या कढीपत्त्याइतके सहज येत. मला त्या माझ्या नावाने कधी हाक मारत नसत. "अगं नागपूर, इकडे ये," एवढंच.

संशय हा त्यांचा स्वभाव म्हणण्यापेक्षा दिनक्रम होता. रिक्षात बसल्या की रस्त्याकडे न बघता मीटरकडे बघत. भाजीला जाताना पिशवीत पितळेचं अर्ध्या किलोचं वजन असे. भाजीवाल्याने तोललं की ते वजन त्याच्या तराजूत टाकून दाखव म्हणत. नवल म्हणजे भाजीवाले चिडत नसत. अक्का दिसल्या की आपणच तराजू पुढे करत. म्युझियमचा फोन वाजला आणि पलीकडच्याने "कोण बोलतंय?" म्हटलं, की या म्हणत, "तुम्हाला कोण पाहिजे ते आधी सांगा, मग मी कोण ते सांगते." घड्याळाची वेळ त्या रेडिओवर ताडून बघत, आणि रेडिओची शेजारच्या फॅक्टरीच्या भोंग्यावर. भोंगा कशावर ताडायचा याची त्यांना खरोखरच काळजी होती.

पण हा संशय त्यांच्या हातून जिथे कागदावर उतरला होता, तिथे मी त्यांच्या प्रेमातच पडले. म्युझियममधल्या वस्तूंखालच्या पाट्या त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या, कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि हट्टाने मराठीतही. एका समईखाली लिहिलं होतं, "ही समई फार प्राचीन आहे असं देणारे म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही." एका तलवारीखाली, "ही लढाईत वापरली गेली असं ऐकलं. धार पाहता भाजी चिरली असावी." देणाऱ्या घरातली मंडळी येऊन भांडून जात. अक्का त्यांना चहा पाजत आणि पाटी तशीच ठेवत.

देव्हारा आला तेव्हा मात्र पाटीवर शंका नव्हती. तो बेंगळुरूजवळच्या होसकोट्याच्या वेंकूबाईंचा. वेंकूबाई म्हणजे तिथल्या एका जुन्या मराठी घरातल्या म्हाताऱ्या बाई, एकट्या राहणाऱ्या. मुलाने देव अमेरिकेला नेले. देव्हारा विमानात मावला नाही. शिसवीचा, कमानीवर पोपट कोरलेला, उंच देव्हारा. त्यात आता मोतीबिंदूने बाईंची नजर गेलेली. "मला दिसत नाही, घरात दुसरं कोणी नाही," त्या अक्कांना म्हणाल्या, "न बघितलेली वस्तू लवकर मरते हो. तुमच्याकडे रोज कोणीतरी बघेल." अक्कांनी त्यांचा हात धरून शब्द दिला, की मी आहे तोवर हा लोकांसमोर राहील. हे मला मुनियम्माने सांगितलं, कारण अक्का असलं काही सांगणाऱ्यातल्या नव्हेत. पाटीवर त्यांनी एवढंच लिहिलं: "वेंकूबाईंचा देव्हारा. रोज पुसला जात असे."

शेवटच्या खोलीत चौथरा आधीच तयार होता आणि चटईही लावून, तपासून झाली होती. बाकीच्या खोल्यांत काथ्याचं मॅटिंग होतं, त्याच्याखाली चटया दडून गेल्या. या खोलीतली फरशी मात्र उघडी, गुळगुळीत. चटई तशीच टाकली तर ओंगळ दिसेल म्हणून आमच्या मालकांनी कौतुकाने तिला लाल लोकरीचं कव्हर शिवून घेतलं, कडेला पिवळी पट्टी लावून. समोर कोणी उभं राहिलं की देव्हाऱ्यावरचा दिवा समईसारखा उजळायचा आणि लांबून कुठूनतरी छोटी घंटा किणकिणायची. मला स्वतःला आमच्या सगळ्या कामात हेच जास्त जमलंय असं वाटत होतं.

महिनाअखेरीला मोजणी आली. जात्यासमोर माणसंच माणसं, पाळण्यासमोर त्याहून जास्त, आणि देव्हाऱ्यासमोर जवळजवळ शून्य.

चेअरमनसाहेब वाईट माणूस नव्हते. कन्नडमध्ये, मध्येमध्ये इंग्रजीत, हळू आवाजात बोलायचे. त्यांना शेवटच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवायचा होता, बोटाने पडद्याला शिवलं की चित्रं दाखवणारा. ते म्हणाले, पुढचे दोनतीन महिने बघू. लोक थांबायला लागले तर देव्हारा पुढच्या दालनात मानाने ठेवू. नाही थांबले तर गोदामात.

त्या दिवसापासून अक्कांच्या संशयाला नुसता ऊत आला. आधी त्यांनी माझ्यावर घेतला. तारा मी सैल ठेवल्या, कारण माझ्या मालकांना तो कॉम्प्युटर विकायचा आहे. मी तारा दाखवल्या. मग चेअरमनसाहेबांवर. मग मुनियम्मावर, की ती झाडताना काहीतरी उपटते. मुनियम्मा दोन दिवस बोलली नाही. शेवटी अक्कांनी त्या खोलीत खांबाआड खुर्ची टाकली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पहारा सुरू केला. डबाही तिथेच. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं.

"लोक येतात," त्या म्हणाल्या. आवाज रागाने बसलेला होता. "थांबतात. हात जोडतात. रिकाम्या देव्हाऱ्याला! आणि तुझी घंटा ढिम्म. तुझं यंत्र खोटारडं आहे, नागपूर."

"तुम्ही उभ्या राहून बघितलंत?"

"शंभरदा राहिले. आता बघ." त्या उठल्या, चपला खांबापाशी काढल्या आणि तरातरा देव्हाऱ्याकडे निघाल्या. लाल चटईपाशी आल्या, साडीच्या निऱ्या किंचित सावरल्या आणि चटईला वळसा घालून बाजूला उभ्या राहिल्या. "बघ! वाजली?"

मी काही बोलणार तेवढ्यात एक कुटुंब आत आलं. नवरा, बायको, सासूबाई. तिघांनी चपला काढल्या, तिघेही चटईला वळसा घालून बाजूला उभे राहिले. सासूबाईंनी तर पाय लागला असेल या शंकेने चटईला हात लावून तो डोळ्यांना लावला.

"अक्का," मी म्हटलं, "ते आसन वाटतंय हो सगळ्यांना. देवापुढचं आसन. त्याच्यावर पाय कोण देणार?"

अक्कांनी खाली बघितलं. लाल लोकर, पिवळी कड. मग माझ्याकडे बघितलं. जग तपासत फिरणारी ही बाई इतके दिवस त्या चटईला वळसे घालत होती आणि स्वतःचे पाय कुठे पडतात एवढं काही तिने तपासलं नव्हतं. मला वाटलं आता चिडतील. त्या खांबाला धरून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मीही हसले, पण माझं हसू जरा ओशाळं होतं. माझ्या आईच्या घरी देवापुढे अस्संच आसन होतं आणि ती चटई मी माझ्या हातांनी अंथरली होती. देव्हारा यायच्या आधी तपासताना आम्ही खुशाल बूट घालून तिच्यावर नाचलो होतो.

लाल कव्हर काढलं, फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत काथ्याचं मॅटिंग टाकलं, चटई त्याच्याखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून घंटा किणकिणायला लागली. पुढच्या मोजणीत देव्हारा सगळ्यांच्या वर, जात्याच्या आणि पाळण्याच्याही वर. मी आनंदाने अक्कांना सांगायला गेले तर त्यांच्या कपाळावर आठी.

"एवढे? शक्यच नाही."

"अहो अक्का, आता तरी!"

"एवढे लोक आपल्या बंगल्यात येतच नाहीत." आणि त्या पुन्हा खांबाआडच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

चेअरमनसाहेबांनी बैठक घेतली तेव्हा मीही होते. ते खुशीत होते. देव्हारा पुढच्या दालनात न्यायचा, त्याच्यावर दिवे सोडायचे, असं सगळं त्यांनी मनात मांडलंही होतं. अक्कांनी एवढंच म्हणायचं होतं की ठीक आहे. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"हा आकडा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "शाळेच्या सहली येतात. पोरांना कळलंय की इथे उडी मारली की घंटा वाजते. एकेक पोर उड्या मारतं. मी बघितलंय."

चेअरमनसाहेबांचा चेहरा उतरला. "मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही."

"अक्का, आधी शून्य आला, तो खोटा म्हणालात. आता हा आला, हाही खोटा. मग मी जाऊ कशावर?"

 आयुष्यात बहुधा कधी न उच्चारलेलं वाक्य अक्कांच्या तोंडी येत होतं आणि ते त्यांना जड जात होतं हे मला दिसत होतं. "माझ्यावर," त्या म्हणाल्या. "मी रोज तिथे बसते. बायका थांबतात, एकमेकींना आपल्या घरच्या देव्हाऱ्याचं सांगतात. पोपटाला हात लावतात. माझ्यावर विश्वास ठेवा."

चेअरमनसाहेब मायेनेच म्हणाले, पण म्हणाले, "तुमच्याच पाटीवर आहे ना अक्का? देणारे असं म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही."

मी घाईघाईने मध्ये पडले. चटई बदलता येईल, काही वेळ स्थिर उभं राहिलं तरच मोजेल असं करता येईल, असं बरंच काही बोलले. पण कॉम्प्युटर ठरला होता आणि पुढच्या दालनात आता पाळणा जाणार होता. देव्हारा गोदामात जायचं नक्की झालं.

व्हरांड्यात मी अक्कांवर अक्षरशः ओरडले. "गप्प बसला असतात तर काय बिघडत होतं?"

"शून्य खोटा होता तेव्हा भांडले ना मी?" त्या म्हणाल्या. "मग हा खोटा कसा गिळू? माझ्या सोयीचा आहे म्हणून?"  मग म्हणाल्या, "गोदामात नाही ठेवणार. तिथे घुशीसुद्धा बघायला येत नाहीत. वेंकूबाईंना परत नेऊन देते. तोंड दाखवायला तर पाहिजे."

ट्रस्टने परवानगी दिली. टेम्पोत देव्हारा ठेवला, सोबत मी गेले.  होसकोट्याच्या वाटेत अक्कांनी टेम्पोवाल्याला रस्ता विचारला नाही की दोरी ओढून बघितली नाही. त्यांना इतकं गप्प मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्याची भीती वाटत होती.

वेंकूबाई पुढच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. देव्हारा आत आणून ठेवल्यावर अक्का त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी शब्द दिला होता. पाळला नाही. परत आणलाय."

वेंकूबाई खाटेवरून उठल्या, चाचपडत पुढे आल्या. "आधी माझाच आहे का बघू दे. तिथे तुमच्याकडे खूप असतील."

"बघा," अक्का म्हणाल्या. "नीट बघा."

म्हातारीने बघितलं. बोटांनी कमान, पोपटाची चोच, दाराच्या बिजागऱ्या. खण ओढून आत हात फिरवला, मागची फळी ठोकून बघितली. तिला घाई नव्हती. अक्का सांगत होत्या, "इकडे स्वल्प डावीकडे. तिथे एक खिळा आहे, सांभाळून."

"मागच्या पायाला उंदराने कुरतडलं होतं," वेंकूबाई म्हणाल्या. "खालून."

अक्का उकिडव्या बसल्या आणि देव्हाऱ्याचा जड कोपरा त्यांनी दोन्ही हातांनी वर उचलून धरला. मी पुढे झाले तर मानेनेच मला थांबवलं. वेंकूबाईंची बोटं खाली सरकली, फिरली, थांबली.

"माझाच," त्या म्हणाल्या. मग तशाच वाकलेल्या, पायाला हात लावून त्यांनी विचारलं, "लोक बघायचे याला?"

एक मोठा आकडा मला पाठ होता. अक्कांनाही होता.

"बघायचे," अक्का म्हणाल्या. "किती, ते मला सांगता येणार नाही."

"तुम्ही बघितलंत त्यांना बघताना?"

"रोज."

"मग झालं," वेंकूबाई म्हणाल्या, आणि खाटेवर जाऊन बसल्या. "त्या खिडकीशी ठेवा. रस्त्याने जाणाऱ्यांना दिसेल."

पुढे काही दिवसांतच मालकांनी मला पुण्याच्या कामावर पाठवलं आणि बेंगळुरू सुटलं ते सुटलंच. अक्का म्हटलं की मला दिसतात त्या तिथेच, होसकोट्याच्या त्या खोलीत. म्हातारीचं बघून झालं होतं, ती यांच्या शब्दावर विसंबून निवांत झाली होती, आणि अक्का कोपरा गुडघ्यावर तोलून एका हाताने तसाच उचलून धरून दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. कोपरा खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.